काटा हलत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

वजन उतरवायला घेतलं की पहिला आठवडा छान जातो. साखर बंद, तळण बंद, पहाटे फिरणं सुरू. आठ दिवसांत काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो जागचा हलेनासा होतो. बहुतेकांचं फिरणं इथंच सुटतं. म्हणून आज मला याच दिवसांबद्दल बोलायचंय.

सुरुवातीला उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेपासून बनलेल्या पिष्टाचा, साठा ठेवतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो, पाणी निघून जातं. चरबी सावकाशच उतरते. त्यात आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, तर मिठामुळे पाणी साठून काटा उलट वर जातो.

माझा काटा सहा आठवडे अडला होता. रोज सकाळी त्यावर उभी राहायचे, रोज हिरमुसायचे, आणि दुपारी चिवड्याचा डबा उघडायचे. शेवटी काटा माळ्यावर टाकला आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढली. दर रविवारी, उपाशीपोटी, कमरेचं माप. काट्यावर सहा आठवडे काहीच हललं नव्हतं, पण टेपवर पुढच्या काही रविवारांत कंबर तीन सेंटिमीटरनं उतरली! आपल्याकडे बाईची कंबर 80 आणि पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. पोटावरची चरबी मधुमेहाला जवळ आणते, म्हणून हे माप मला किलोंपेक्षा मोलाचं वाटतं.

स्वयंपाकघरात मी एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे तेल. पूर्वी फोडणीला किटलीतून अंदाजानं धार धरायचे. आता महिन्याचं तेल एक तारखेला मोजून बरणीत काढते आणि कढईत चमच्यानंच घालते. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, जवळपास एक पोळीच. मोहरी तेवढ्या तेलातही तडतडते, वांग्याच्या भाजीची चवही जात नाही. फक्त झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून भाजी शिजवायची.

उपासानं वजन उतरेल या आशेवर मात्र राहू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि दाण्याचं कूट. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणि सणावारी मन मारू नका. गेल्या गणपतीत मी उकडीचे तीन मोदक खाल्ले, वर तूप घेऊन, सगळ्यांबरोबर पंगतीत बसून. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठले, चपला घातल्या आणि रोजच्या रस्त्यानं फिरायला गेले. त्या रविवारी टेप काढलीच नाही.