करडी पट्टी: धूर की धुरळा?

फेब्रुवारी सरत आला की बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या डोंगरांवरचे गवत वाळून जाते. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडणीनंतर फडात उरलेले पाचट पेटवले जाते, तेही याच सुमारास. बेळगावहून पश्चिमेला पाहिल्यास क्षितिजावर एक करडी पट्टी दिसते; ती वणव्याची आहे, पाचटाची आहे की दुरून आलेल्या धुरळ्याची, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण असते.

मार्च २०२३ मध्ये चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे लागले आणि ते विझवण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. खानापूरचे जंगल त्या अभयारण्याला लागूनच आहे. आगीला आणि धुराला राज्यांच्या सीमा कळत नाहीत, म्हणून त्यांचा माग वरून घेणे सोयीचे ठरते.

सुओमी एनपीपी या उपग्रहावरील व्हिर्स हे उपकरण दुपारी आणि मध्यरात्री, दीडच्या सुमारास या भागावरून जाते. आगीची उष्णता सुमारे ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत ठळक दिसते. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असल्यामुळे हे किरण त्यांतून फारसे न अडता वर पोहोचतात, आणि दाट धुराखालची ज्वाळाही टिपली जाते. ढग मात्र ती झाकून टाकतो. व्हिर्सने टिपलेल्या आगींच्या नकाशावरचा लाल ठिपका म्हणजे ३७५ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन. तो सगळा जळतो आहे, असे समजू नये. त्यातला एक छोटा कोपरा पेटलेला असला तरी ठिपका उमटतो.

धुरळ्याची ओळख वेगळ्या रीतीने पटते. त्याचे कण मोठे आणि खनिजांचे असतात, त्यामुळे उपग्रहाने ११ मायक्रॉन तरंगलांबीवर मोजलेले तापमान १२ मायक्रॉनवरच्या तापमानापेक्षा कमी भरते. बर्फकणांच्या विरळ ढगांत हा फरक उलट दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये कराचीच्या बाजूने अरबी समुद्रावर आलेला धुरळा मुंबईपर्यंत पोहोचला होता. समुद्राच्या गडद पाण्यावर असा पट्टा साध्या छायाचित्रातही उठून दिसतो, पण उन्हाळ्यातल्या उघड्या, फिकट जमिनीवर तो मिसळून जातो, आणि तिथेच तापमानांतला हा फरक कामी येतो.

आमच्या मते खरी अडचण पाचटाची आहे. दिवस कलताना पेटवलेला फड थोड्याच वेळात जळून जातो. दुपारची फेरी होऊन गेलेली असते आणि मध्यरात्रीच्या फेरीपर्यंत राख निवते. इन्सॅट-३डीआर हा आपला भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी राहणारा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरांवरून दिवसभर या भागाकडे पाहत असतो, पण आग टिपणाऱ्या तरंगलांबीत त्याचा एकेक चौकोन चार किलोमीटर लांबी-रुंदीचा असल्याने एवढी लहान आग त्यात विरून जाते. त्यामुळे ज्या नकाशावर एकही ठिपका नाही, त्या नकाशाच्या गावातही रात्री धुराने डोळे चुरचुरतात.

वणव्याची गोष्ट निराळी. तो तासन् तास, कधी दिवसेंदिवस धुमसतो आणि पुढच्या फेरीत सापडतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा ठिपक्यांची सूचना वनखात्याला मोबाईलवर पाठवते. त्यानंतर वनरक्षक तो डोंगर चढतात, आणि जिथे पाण्याचा बंब पोहोचत नाही तिथे ओल्या डहाळ्यांनी झोडपून गवतातली आग विझवतात.