प्लेन्सबरोची गाय

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे. मध्येच झालेल्या दोन घोषणा आणि वाट अडवून लावलेल्या एका निळ्या गाडीचा नंबर गाळला आहे.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि ती का दिली ते मला पक्कं ठाऊक आहे. मागं दूध अजून आटायचंय. तोवर तुम्हाला कुणीतरी धरून ठेवायला हवं. चंद्र ढगात आहे, म्हणजे त्याचीही मदत नाही. तर मी दुधाबद्दलच बोलते. म्हणजे आपल्या गावाबद्दल बोलते. न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोबद्दल.

आधी एक कबुली. मी कित्येक वर्षं भारतात फोनवर सांगायची, ‘आम्ही प्रिन्स्टनला असतो.’ तुमच्यातले निम्मे लोक अजून तेच सांगतात, हसू नका. यात नवीन काही नाही. मी मूळची भिलवडीची, सांगली जिल्हा, कृष्णाकाठ. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा ‘कुठली गं तू?’ म्हटल्यावर मी ‘सांगलीची’ म्हणायची. मोठ्या गावाच्या सावलीत राहणाऱ्याला स्वतःच्या गावाचं नाव घ्यायला जरा वेळ लागतो.

माझे वडील गावातल्या एका दूध सोसायटीत होते. पहाटे पाचला दारात किटल्यांची रांग. वडील दुधात लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघायचे, मग नमुना काढून फॅट लावायचे. काचेच्या नळीत आधी ॲसिड, मग दूध, मग थोडं अल्कोहोल, बूच घट्ट, आणि नळ्या गोल यंत्रात घालून गरगर फिरवायच्या. वर तरंगून आली ती फॅट. ती कमी लागली की भांडण. ‘माझ्या म्हशीला तुम्ही खोटं पाडताय काय?’ असं वडिलांना रोज एकजण तरी विचारायचा. चितळ्यांची डेअरी आमच्याच गावात १९३९ साली सुरू झाली, त्यामुळं दूध हा आमच्याकडं पोटापाण्याइतकाच गप्पांचाही विषय. माझी झोप वर्षानुवर्षं त्या किटल्यांच्या आवाजानं मोडली.

अशी मुलगी १९९४च्या ऑक्टोबरात इथं आली. यांचं प्रोजेक्ट होतं, घर दुसऱ्या मजल्यावर. आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं बिऱ्हाड तिथंच कुठंतरी पडलं. फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, डिअर क्रीक, फेझंट हॉलो, क्वेल रिज. कोल्हा, हरीण, तितर, लावे... अपार्टमेंटची ही नावं शिकाऱ्याच्या डायरीतून उचलल्यासारखी. हे सकाळी सातला जायचे आणि मग संध्याकाळपर्यंत फ्रिज सुरू झाला आणि बंद झाला एवढंच ऐकू यायचं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘कुत्रंसुद्धा भुंकत नाही का गं?’ नाही भुंकायचं. मला वाटायचं, ही जागा काल कुणीतरी मांडून ठेवलीय. हिला आदल्या दिवशीचं काही नाहीच.

हा माझा गैरसमज आठ वर्षं टिकला. मोडला तो मुलाच्या तिसरीतल्या गृहपाठामुळं. ‘आपल्या गावाबद्दल पाच गोष्टी लिहा.’ मला एकही येईना. म्हणून त्याला घेऊन विकॉफ हाउसमध्ये गेले. आपल्या गावचं संग्रहालय. मुलांच्या विकॉफ शाळेला ज्यांचं नाव आहे त्याच घराण्याचं हे घर. मी त्यावरून शेकडो वेळा गाडीनं गेले होते. तिथं भिंतीवर एक जुना फोटो होता, आणि त्यात एका प्रचंड गोल फिरत्या चाकावर गायी उभ्या होत्या. जत्रेतल्या पाळण्यात बसवाव्यात तशा.

त्या यंत्राचं नाव रोटोलॅक्टर. १९३० साली ते इथं, आपल्या प्लेन्सबरोत, सुरू झालं. ५० गायी एका वेळी चढायच्या. चढण्याआधी प्रत्येकीला आंघोळ, मग पुसणं, मग यंत्रानं धार. चाकाचा एक फेरा साधारण बारा मिनिटांत पुरा झाला की गाय उतरून गोठ्याकडं आणि तिच्या जागी पुढची. लांबलांबून लोक हे बघायला यायचे, वर काचेमागं उभे राहून बघायचे. हे ज्यांच्या डोक्यातून निघालं ते हेन्री जेफर्स, वॉकर-गॉर्डन कंपनीचे प्रमुख.

ही वॉकर-गॉर्डन म्हणजे मुळात गवळीवाडाच नव्हता, हे मला फार आवडतं. १८९१ साली बॉस्टनमध्ये ती सुरू झाली ती प्रयोगशाळा म्हणून. तान्ह्या बाळांसाठी डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे, इतकी साय, इतकी साखर, आणि त्याप्रमाणं दूध तयार करून द्यायचं. औषधासारखं. त्या काळी शहरातलं दूध इतकं घाण असे की त्यानं बाळं दगावायची. म्हणून याच न्यू जर्सीत हेन्री कॉइट नावाच्या डॉक्टरांनी १८९३ मध्ये ‘सर्टिफाइड’ दुधाची कल्पना काढली. म्हणजे डॉक्टरांच्या समितीनं गोठा, गायी, माणसं सगळं तपासायचं आणि मगच दूध विकायचं. वॉकर-गॉर्डननं १८९७ मध्ये प्लेन्सबरोत शेती सुरू केली ती असल्या दुधासाठी. आणि ते दूध न तापवता बाटलीत भरत. हे ऐकून माझ्या आईनं कानावर हात ठेवले होते. तीन वेळा उतू घातल्याशिवाय दूध प्यायचं नाही, हा तिचा धर्म.

गाव असं त्या गायींभोवती उभं राहिलं. १९१९ साली क्रॅनबरी आणि साउथ ब्रन्सविकचे तुकडे काढून प्लेन्सबरो वेगळं झालं. त्याआधीही इथं शेतकरी होते, गिरण्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या आधी इथले मूळचे लेनापे लोक होते. आपण रोज ज्या स्कडर्स मिल रोडनं जातो, तिथं ‘मिल’ आहे ती खरीखुरी गिरणी होती, मिलस्टोन नदीवरची. मी तो रस्ता कुणा बिल्डरनं ठेवलेल्या नावाचा समजत होते.

आता ज्या बाईंसाठी मी हे सगळं रामायण लावलंय त्यांच्याकडं येते. बाई म्हणजे गाय. नाव एल्सी.

बोर्डन नावाची दुधाची कंपनी होती, तिच्या जाहिरातीत एल्सी ही हसरी गाय आधी नुसती चित्रात होती. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात बोर्डननं रोटोलॅक्टर मांडला. लोक यायचे, चाक बघायचे आणि विचारायचे, ‘यातली एल्सी कुठली?’ आता आली का पंचाईत! मग त्यांनी कळपातली एक देखणी जर्सी गाय निवडली आणि तिला एल्सी म्हणून उभी केली. तिचं खरं नाव ‘यूल डू, लोबेलिया’. भाषांतर करायचंच तर ‘चालशील गं, लोबेलिया’. मला हे नाव एखाद्या सासूनं ठेवल्यासारखं वाटतं. ती अमेरिकाभर प्रसिद्ध झाली. १९४१ मध्ये तिला नेणाऱ्या गाडीला अपघात झाला, ती वाचली नाही, आणि तिला इथं वॉकर-गॉर्डनच्या शेतात पुरलं. त्या शेतावर आता वॉकर-गॉर्डन नावाचीच घरांची कॉलनी आहे, आणि तिच्या तोंडाशी एल्सीच्या नावाचा दगड आहे. तुमच्यातले कितीतरी जण त्याच्या शेजारून रोज ऑफिसला जातात. हात वर करा, कुणी पाहिलाय? ...चार. बरं.

त्या गृहपाठाच्या पुढच्या वर्षी माझे वडील आले. सहा महिने. पहिल्या आठवड्यातच त्यांचं सुरू झालं, ‘इथं माणसं राहतात का नुसत्या गाड्या?’ मी त्यांना विकॉफ हाउसमध्ये नेलं. त्या फोटोपुढं ते इतका वेळ उभे राहिले की तिथल्या बाईंनी खुर्ची आणून दिली. मग त्यांचे प्रश्न. धार यंत्रानं काढली तर पान्हा कसा सोडायच्या? वासरं कुठं ठेवायचे? फॅट कोण लावायचं? मी भाषांतर करत होते, आणि ‘पान्हा’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही येत नाही. नंतर दगडापाशी गेलो. मी वाचून दाखवलं, जर्सी गाय होती. वडील म्हणाले, ‘जर्सी होय? मग फॅट साडेचारच्या खाली नसणार.’ एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून ते रोज फिरायला जायला लागले.

आमच्याकडं गावात जर्सी म्हणजे संकरित गाय, ती माझ्या लहानपणी नवीन होती. म्हाताऱ्या माणसांचा तिच्यावर विश्वास नव्हता, ‘वशिंड नाही तिला, ही कसली गाय?’ म्हणायचे. वडिलांनी तेव्हा जर्सीची बाजू घेतली होती. इथं तिचं माहेरचं माणूस भेटल्यासारखं त्यांना झालं असणार. हा माझा अंदाज. ते असं काही बोलणाऱ्यांपैकी नव्हते.

आमच्या समोर तेव्हा एक आजी राहायच्या. त्यांचे वडील त्या शेतावर कामाला होते. त्यांनी मला सांगितलं की लहानपणी गावाला लसूणघासाचा वास असायचा. कंपनी तो घास यंत्रात वाळवायची. आणि शेणही वाळवून, पोत्यात भरून बागवाल्यांना विकायची. माझ्या डोळ्यापुढं आपल्या कम्युनिटी गार्डनमधली मंडळी आली. मेथी आणि वांगी लावायला दुकानातून शेणखताच्या पिशव्या विकत आणणारी. ज्या जमिनीतून शेण परगावी जायचं, तिथं आपण ते बाहेरून आणतोय. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. आणि मग म्हणाल्या की शेत १९७१ मध्ये बंद झालं तेव्हा सकाळी त्यांना जाग यायची ती शांततेनं. बघा हं. मला जी शांतता इथला स्वभाव वाटली होती, ती त्यांच्यासाठी काहीतरी थांबल्याची खूण होती.

तेव्हापासून ‘इथं आधी काही नव्हतं’ हे वाक्य मी बोलत नाही. आपण उशिरा आलो, एवढंच.

१९७०च्या जनगणनेत प्लेन्सबरोत १,६४८ माणसं होती. गायी त्याहून कमी नसाव्यात. शेत गेलं, अपार्टमेंट आली, रूट वन हायवेला लागून ऑफिसं आली. १९९० मध्ये माणसं १४,२१३. २०२० मध्ये २४,०८४. म्हणजे १९७० नंतरच्या वीसच वर्षांत जे खेडं साडेआठपट झालं, त्याच्या लोकांनी काय काय गिळलं असेल याचा विचार करा. आपल्याकडं नदीकाठच्या गावात एवढी बाहेरची माणसं आली असती तर किती पत्रकं निघाली असती? इथंही कुरबुर झाली असणारच. पण समोरच्या आजींनी मला पहिल्या हिवाळ्यात दारातलं बर्फ कसं ओढायचं ते दाखवलं, आणि मी त्यांना पुरणपोळी दिली. त्यांना ती आवडली नाही. ‘गोड पराठा आत ओला राहिलाय’ असं म्हणाल्या. आमची मैत्री त्यामुळं टिकली, कारण दोघी खरं बोलायचो.

मी गावाचे फार गोडवे गातेय असं वाटायला नको. बाल्कनीत साडी वाळत घातली म्हणून मला पत्र आलं होतं. स्टेशन शेजारच्या वेस्ट विंडसरमध्ये, आणि तिथल्या पार्किंगसाठी यांनी किती वर्षं नंबर लावला ते मी सांगत नाही, आज सण आहे. आणि खरी अडचण सांगू? ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याच्यासाठी हे गाव म्हणजे एक खोली. फुटपाथ मध्येच संपतो. दूध आणायला चालत जाता येत नाही. दुधाच्या गावात! आपले आई-बाबा येतात आणि खिडकीत बसतात. ‘शांत आहे हो फार’ असं ते म्हणतात तेव्हा ते कौतुक नसतं, तक्रार असते. आपण ती कौतुक म्हणून ऐकतो, कारण ते सोयीचं असतं.

पण म्हाताऱ्यांनी त्यावर वाट काढलीच. अपार्टमेंटच्या तळ्याकाठी बाकं आहेत ना, तिथं उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला कट्टा भरतो. तेलुगू आजोबा, गुजराती आजोबा, आपले आजोबा. तिघांचं हिंदी तीन तऱ्हेचं. माझ्या वडिलांनी तिथं गुंटूरच्या एका मिरचीवाल्या शेतकऱ्याशी दोस्ती केली. दोघं मिळून प्लेन्सबरो प्रिझर्व्ह या राखीव रानातल्या मोठ्या तळ्यावर गेले. ते तळं म्हणजे वाळू आणि खडी काढलेला खड्डा आहे, हे कळल्यावर वडील म्हणाले, ‘कृष्णेची वाळू उपसतात तिथं असं तळं कुणी राखत नाही.’ परत गेल्यावर सोसायटीत त्यांनी रोटोलॅक्टरचं चित्र काढून दाखवलं. कुणाचा विश्वास बसला नाही. ‘गायी पाळण्यात? नातवानं फसवलंय तुम्हाला.’

एक गंमत राहिली. एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत २००४ पासून प्रिन्स्टन-प्लेन्सबरो नावाचं हॉस्पिटल दाखवत होते. तेव्हा इथं हॉस्पिटल नव्हतंच. खरं हॉस्पिटल प्रिन्स्टनहून आपल्याकडं २०१२ मध्ये आलं. म्हणजे आधी चित्र, मग खरी वस्तू. एल्सीचंही तसंच झालं होतं. या गावाला ती सवयच दिसते.

तर मागून खुणा होताहेत, दूध तयार आहे. येत्या शनिवारी सकाळी दहाला मी एल्सीच्या दगडापाशी उभी असेन. ज्यांच्याकडं आई-बाबा आलेत त्यांनी त्यांना आणा, आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणा, मागं नाही. ज्यांनी कुणी आयुष्यात एकदा तरी हातानं धार काढलीय, त्यांनी मुलांना पान्ह्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायला यावं. मलाही कळेल.

आणि पेल्यातली साय ज्यांना नको असेल त्यांनी ती टाकू नका. मी तिसऱ्या टेबलावर आहे.