झाडाचं पाणी

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘पर्यावरण मंजुरीचे चार टप्पे’. येतो त्याकडे. आधी झाडाची गोष्ट. आमच्या ऑफिसातली पोरं ती ऐकून इतकी कंटाळलीत, की आता माझ्याआधीच हसून मोकळी होतात.

कोकणातल्या एका कारखान्याची जनसुनावणी होती. मांडव, पुढं सोफे, मागं गाव. अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकारी. आम्ही सल्लागार, म्हणजे कारखान्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल लिहिणारे. मराठी सारांश बाहेरून करून घेतलेला, आणि मी तो न वाचता सही ठोकलेली. माईकवर वाचायला लागलो : ‘प्रस्तावित झाडातून दररोज सांडपाणी बाहेर पडेल.’ मूळ शब्द ‘प्लांट’! पुढच्या ओळीत त्या झाडाला धुराडंही होतं. गाव गप्प. मग मागून एक आजी उठल्या. ‘सायेब, ह्या झाडाचं पानी जातं कुटं?’

मांडव हसला. मीही हसलो, आणि मग घाम फुटला. कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. इंग्रजी अहवालात ‘निकषांनुसार विल्हेवाट’ असं झोकात लिहिलं होतं. मराठीत ‘विल्हेवाट’ म्हटलं की माणूस विचारतो, कुठं? आजींची कालवं, म्हणजे खायच्या शिंपल्या, त्याच नाल्याच्या तोंडाशी होती. (पुढं पाइपचा मार्ग बदलावा लागला. कंपनीनं खर्चाचं खापर माझ्यावर फोडलं.)

म्हणून माझं म्हणणं : सारांश आधी मराठीत लिहा, इंग्रजी मागाहून. जे मराठीत सांगता येत नाही, ते बहुधा आपण ठरवलेलंच नसतं. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी आपला मराठी सारांश उघडलेलाही नसेल! माडबनला मे 2010 मध्ये जैतापूर प्रकल्पाची सुनावणी झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही हीच गावकऱ्यांची तक्रार होती. आणि पर्यावरण मंजुरीच्या 2020 च्या नव्या अधिसूचनेचा मसुदा? इंग्रजी-हिंदीतच निघाला. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे 22 भाषांत द्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

मंजुरीचे नियम म्हणजे 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना. पहिला टप्पा छाननी : ‘अ’ वर्गातले प्रकल्प दिल्लीला, केंद्राकडं, ‘ब’ राज्य प्राधिकरणाकडं, ‘ब’मध्ये पुन्हा बी-1, बी-2. बी-2 ला अहवालही नाही, सुनावणीही नाही, म्हणून सगळ्यांना बी-2 व्हायचं असतं. दुसरा, व्याप्ती : टीओआर, म्हणजे अहवालात काय काय तपासायचं त्याची यादी, घ्या, पावसाळा सोडून एका हंगामाची मोजमापं करा. तिसरा, लोकांचं म्हणणं : किमान 30 दिवसांची सूचना, चित्रीकरण, इतिवृत्त तिथंच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. गणपूर्तीची अट नाही, चार माणसं आली तरी सुनावणी झाली. चौथा, तज्ज्ञ समितीचं मूल्यमापन : 60 दिवस, वर निर्णयाला 45. कागदावर.

फॉर्म-1, म्हणजे मंजुरीचा अर्ज, त्यात काही दडवू नका. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2019 मध्ये रोखली ती माहिती दडवल्यावरूनच. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, पण तोवर काम बंद. मंजुरी मिळाल्यावर सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे अटी पाळल्याचा हिशेब, 1 जून आणि 1 डिसेंबर.

दुसरी चिठ्ठी. ‘चहा निवतोय.’ ही मात्र शुद्ध मराठीत आहे.