फोटो एका जागी, पत्ता गावभर

श्रोतेहो, नमस्कार.

अष्टविनायकाची सहल आटोपून गाडी दारात लागते न लागते, तोच सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. एकाने चाळीस फोटो टाकलेले असतात, दुसऱ्याने साठ. तिसरा विचारतो, "अरे, रांजणगावला सगळ्यांचा एकत्र काढला होता, तो कोणाकडे आहे?" तो फोटो ग्रुपवर असतो, पण सापडत नाही. मधे दोन वाढदिवस आणि सोसायटीची टाकी धुण्याची सूचना येऊन गेलेली असते. आज बोलायचंय ते फोटो वाटण्याबद्दल. काढण्याबद्दल नाही, वाटण्याबद्दल.

पण त्याआधी एक गोष्ट.

तारीख ११ जून १९९७. कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ गाव. तिथल्या एका प्रसूतिगृहात फिलिप कान नावाचा गृहस्थ बायकोजवळ बसलाय. हा मूळचा फ्रान्सचा. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात टर्बो सीवर प्रोग्राम लिहायला शिकलंय त्यांना तो निळा पडदा आठवत असेल. ते टर्बो सी ज्या बोरलँड कंपनीचं, ती सुरू करणाऱ्यांपैकी हा एक. (तो निळा पडदा आपल्याकडच्या कॉलेजांनी किती वर्षं उराशी धरून ठेवला, ह्यावर वेगळं भाषण होईल. जगाने कधीच सोडून दिलं होतं आणि आपल्या मुलांच्या तोंडी परीक्षा त्याच्यावर चालू होत्या. असो.)

तर हा कान साधारण वर्षभर एका खटाटोपात होता. फोटो काढला की तो आपोआप लोकांपर्यंत गेला पाहिजे, मधे काही करायला लागू नये. त्यासाठी घरी एक सर्व्हर, म्हणजे फोटो साठवून मागेल त्याला दाखवणारा कॉम्प्युटर, चालू ठेवला होता. नाव दिलं होतं पिक्चर मेल. आता तेव्हाची रीत आठवा. डिजिटल कॅमेरा असला तरी वायर लावून फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचं, ते किरकिर वाजणार, मग मेल लिहायची, फोटो जोडायचा आणि वाट बघत बसायचं. मोबाइलला कॅमेरा नाही आणि कॅमेऱ्याला फोन नाही. दोघं सख्खे शेजारी, पण बोलणं बंद.

कानजवळ त्या दिवशी होतं काय? कॅसिओचा छोटा डिजिटल कॅमेरा, मोटोरोलाचा घडीचा स्टारटॅक फोन आणि लॅपटॉप. तीन वस्तू, पण एकीची दुसरीशी ओळख नाही. फोनला जोडायला योग्य वायर नाही. मग त्याला आठवलं, गाडीत हात न लावता फोनवर बोलायचा संच आहे. त्याची वायर काढली, सोल्डरिंग आयर्न मागवून घेतलं आणि तिथेच, प्रसूतिगृहात, डाग देत बसला. एकीकडे बायकोला कळा येताहेत, दुसरीकडे हा वायरी जोडतोय आणि लॅपटॉपवर प्रोग्राम लिहितोय. आपल्याकडे असतं तर सासूबाईंनी काय ऐकवलं असतं, ते मी सांगायला नको.

मुलगी झाली. वायरही जुळली. ह्याने फोटो काढला. फोटो कॅमेऱ्यातून लॅपटॉपमध्ये गेला, लॅपटॉपमधून फोनमध्ये आणि फोनवरून घरच्या सर्व्हरवर. आता इथे नीट लक्ष द्या, कारण ह्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं सांगितलं. दोन हजारांवर लोकांना ती बातमी गेली. पण फोटो दोन हजार वेळा गेला नाही. फोटो गेला एकदाच, घरच्या सर्व्हरवर. लोकांना गेली ती छोटीशी मेल, आणि तिच्यात फोटोचा पत्ता. ज्याला बघायचा त्याने पत्त्यावर जाऊन बघायचा. तेव्हाच्या मोबाइलवरून सगळं मुंगीच्या पावलांनी जायचं. तोच फोटो एकेकाला धाडत बसला असता, तर मुलगी रांगायला लागली असती. म्हणून फोटो एका जागी आणि पत्ता गावभर.

पुढे अमेरिकेतल्या फोटोवाल्या कंपन्यांना ही कल्पना पटली नाही. जपानला पटली, आणि नोव्हेंबर २००० मध्ये शार्पचा कॅमेऱ्याचा फोन तिथल्या बाजारात आला. २०१६ साली 'टाइम' मासिकाने जगातली सर्वांत प्रभावी शंभर छायाचित्रं निवडली, त्यांत बाळाचा हा फोटो आहे.

आता आपल्या सहलीकडे येऊ. कानने वायरी सोलून जे केलं, ते आज फोनमध्ये आयतं मिळतं. त्याला शेअर्ड अल्बम म्हणतात. गूगल फोटोजमध्ये एका फोटोवर बोट दाबून धरा, बाकीचे निवडा, अल्बम करा. नुसतं 'सहल' असं नाव देऊ नका. 'अष्टविनायक, कार्तिक, २०२४' असं गाव, महिना, साल घालून द्या. मग बाकीच्यांना फोटो घालायची परवानगी द्या आणि ग्रुपवर फक्त लिंक टाका. सगळ्यांचे फोटो वेळेच्या क्रमाने एकत्र लागतात आणि रांजणगाव रांजणगावपाशी सापडतं.

ह्यात तीन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे कोणाकडे फोनशिवाय वेगळा कॅमेरा असतो आणि त्याचं घड्याळ चुकलेलं असतं. फोन आपली वेळ आपण लावतो, कॅमेरा लावत नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिथे जाऊन कॅमेऱ्याची वेळ बदलली नाही, तर त्यावर काढलेला दुपारचा फोटो संध्याकाळच्या फोटोंत जाऊन बसतो. निघायच्या आधी वेळ लावा, आणि तिथे उतरल्यावर कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. मग फरक किती, ते कळतं आणि सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

दुसरं, ज्याने फोटो घातला त्याने तो आपल्या गूगल फोटोजमधून उडवला की अल्बममधूनही जातो. भाच्याने जागा मोकळी करायला तिथले फोटो उडवले आणि मावशीचा आवडता फोटो गेला, असं होतं. हवा तो फोटो आपल्याकडे सेव्ह करून घ्या. जागेचंही बघा. गूगलची फुकट जागा १५ जीबी, १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात, आणि त्यातच तुमच्या मेलही आल्या. चारशे फोटोंतले चाळीस ठेवा. सूर्यास्ताचे अकरा लागत नाहीत.

तिसरं, लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला अल्बम दिसतो. ती पुढे कोणीही ढकलू शकतो. घरातल्या लहान मुलांचे फोटो असतील, तर सगळ्यांचं बघून झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन लिंक बंद करा. तिथेच फोटोचं ठिकाण दाखवायचं की नाही, हेही ठरवता येतं.

आता व्हॉट्सॲप. तेच तर सगळे वापरतात. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान करून जातो, लांब बाजू साधारण सोळाशे ठिपक्यांची (म्हणजे पिक्सेलची) उरते. फोनवर बघायला उत्तम. छपाईला मात्र एका इंचाला तीनशे ठिपके लागतात. चार बाय सहाच्या फोटोला बाराशे बाय अठराशे हवेत, सोळाशेत भागून जातं. बारा बाय अठराला हवेत छत्तीसशे बाय चोपन्नशे. तिथे सोळाशे ठिपके ताणले, तर इंचाला नव्वदसुद्धा पडत नाहीत. कानच्या बाळाचा फोटो तर ३२० बाय २४०, छापला तर पोस्टाच्या तिकिटाएवढा.

हे उगाच सांगत नाही. घरात कोणी गेलं की भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो. घाईघाईत ग्रुपवरचाच एक शोधतात, फोटोवाल्याला व्हॉट्सॲपवरच पाठवतात, आणि मग चष्म्याच्या काड्या आणि पापण्या एकमेकींत मिसळून जातात. फोटोवाल्याचा त्यात दोष नसतो. ज्याने काढला त्याला फोन करा, आणि मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला जसाच्या तसा जातो. एचडीचं बटण आहे, त्याने बरा जातो, पण तोही थोडा दाबूनच जातो. पुन्हा सांगतो, बघायला साधा, छापायला डॉक्युमेंट.

मात्र जसाच्या तसा म्हणजे पोटातल्या माहितीसकट. कॅमेऱ्याला लोकेशन चालू असेल, तर घराचा ठावठिकाणाही त्याच्याबरोबर जातो. साध्या पाठवण्यात ती माहिती गळून पडते. अनोळखी माणसाला जुनं कपाट विकायला त्याचा फोटो पाठवताय, तर साधाच पाठवा.

आणि जुने फोटो. आजीच्या ट्रंकेतला १९६५ सालचा फोटो मोबाइलने टिपताना फ्लॅश बंद, चौकटीतून अन् काचेतून बाहेर काढलेला, खिडकीजवळ, पण उन्हात नाही. फोन फोटोला समांतर धरा. फार जवळ गेलात तर कडा फुगतात, म्हणून थोडं मागे सरून दुपटीने झूम करा. ग्रुपवर टाकलात, की समोरच्याच्या फोनमध्ये त्यावर आजची तारीख पडते. तेव्हा खाली दोन ओळी लिहा. साल, गाव, आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण उभं आहे ते. नावं आजीकडून वदवून घ्या, पण दुपारच्या झोपेनंतर. नमस्कार.