‘आ’ करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दवाखान्यात माणूस आत येतो, खुर्चीत बसतो आणि मी काही विचारायच्या आतच ‘आ’ करतो. बोट आत घालून दाखवतो, “ही बघा डॉक्टर, ही दाढ. रात्रभर झोपू दिलं नाही हिनं. काढूनच टाका.” इतकी वर्षं इंदूरमध्ये दातांची डॉक्टर म्हणून काम करते आहे, हे दृश्य काही बदललेलं नाही. रामबागेतले आजोबा असोत की सुदामानगरातली नोकरी करणारी मुलगी, घाई सगळ्यांना सारखीच. आणि मी प्रत्येकाला तेच म्हणते, “तोंड मिटा. जरा टेका. आधी बोलू.”

काहींना याचा राग येतो. दुखतंय मला आणि या गप्पा कसल्या मारताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दाढेची कळ काय असते ते ज्याची दाढ दुखते त्यालाच ठाऊक. पण या गप्पांना मी इतकं का धरून बसते, ते आज सांगायचं आहे.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करता करता एक गृहस्थ आले. डावा गाल हातानं दाबून धरलेला. म्हणाले, वरची शेवटून दुसरी दाढ. मी पाहिलं, खरंच तिला कीड होती, काळा खड्डा स्पष्ट दिसत होता. ते म्हणाले काढा, मी काढली. तिसऱ्या दिवशी तेच गृहस्थ, तोच गाल, तीच कळ. तेव्हा मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. एकेक दाढ हलकेच ठोकून पाहिली, थंड लावून पाहिलं, एक्स-रे काढला. दुखत होती खालची दाढ. जुन्या कॅपच्या आत ती कुजली होती आणि बाहेरून अगदी धडधाकट दिसत होती. वरच्या दाढेत मसाला भरून ती सहज वाचवता आली असती. ते गृहस्थ मला एक शब्दही बोलले नाहीत, पण ती दाढ मी अजून विसरलेली नाही.

असं का होतं? वरच्या आणि खालच्या दातांना जाणाऱ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. आतली नस सुजली की मेंदूला कळ कळते, पण ती वरची की खालची हे नेमकं कळत नाही. खालच्या दाढेचं दुखणं कानात जातं आणि लोक कानाचे थेंब घालत बसतात. उलट सर्दीनं नाकाजवळच्या पोकळ्या भरल्या की वरच्या चांगल्या दाढा ठणकतात. डावीकडचा खालचा जबडा जिना चढताना दुखतो आणि बसलं की थांबतो, असं कुणी सांगितलं, तर मी दाताकडे नंतर बघते आणि त्यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवते. म्हणून विचारावं लागतं. कधी दुखतं, थंडानं की गरमानं, गरम चहा प्यायल्यावर कळ लगेच जाते की तासभर राहते, आडवं झालं की वाढते का? थंड पाण्याची कळ क्षणात गेली तर बहुधा मसाला भरून भागतं. गरमानं उठलेली कळ मागे रेंगाळत राहिली, तर आतली नस वाचण्याची आशा कमी. हे उत्तर मला कुठल्याही यंत्राआधी तुमच्याकडून मिळतं.

मग औषधं. मी ‘काही गोळ्या घेता का’ असं विचारत नाही, ‘गोळ्यांची पिशवी दाखवा’ म्हणते. ‘काही नाही हो, एक बीपीची’ असं म्हणणाऱ्या काकूंच्या पिशवीतून रक्त पातळ ठेवणारी गोळी निघते. ती दात काढायच्या आधी आपल्या मनानं बंद करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी मी बोलते, मग ठरवतो. त्याहून चटकन निसटणारी गोष्ट म्हणजे हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं इंजेक्शन. वर्षातून एकदाच घेतात, म्हणून ते औषध आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. पण त्यानंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. हे आधी कळलं तर शक्यतो दात न काढता मार्ग काढता येतो.

आणखी एक प्रश्न मी हटकून विचारते, लहानपण कुठं गेलं? दातांवर तपकिरी डाग घेऊन येणारी तरुण मुलं दात पांढरे करून मागतात. त्यांतली बरीच धार-झाबुआ जिल्ह्यांतल्या गावांत वाढलेली असतात. तिथल्या कित्येक विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं आणि दात हाडात घडत असतानाच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, रोज पोटात गेलं, की डाग आतूनच घडतात. ते घासून जात नाहीत. आईवडील मुलाला ‘नीट घासत नाहीस’ म्हणून वर्षानुवर्षं रागावत आलेले असतात. त्या मुलाला ‘तुझी चूक नाही’ एवढं सांगितलं तरी त्याचा चेहरा बदलतो.

आता पाहणं. त्याची सुरुवातही तोंडाबाहेरूनच होते. चेहरा दोन्हीकडे सारखा आहे का, हनुवटीखाली आणि मानेत गाठी लागतात का, जबडा उघडताना कानापुढे कट्ट वाजतं का. आणि तोंड किती उघडतं. ऐकता ऐकता आत्ताच करून पाहा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरा आणि ती तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का ते पाहा. गेली तर ठीक. दोनच जात असतील तर माझ्यासारखीकडे या.

हे मी इतक्या आग्रहानं सांगते ते सुपारीमुळे. एक कॉलेजचा मुलगा दात साफ करून घ्यायला आला होता. मी तोंड उघडायला सांगितलं तर आरसाही नीट आत जाईना. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मित्रांबरोबर गेल्यावर कचोरी तोडून तोडून खावी लागते, असं त्यानं सांगितलं. वर म्हणाला, सहा महिने झाले, पोह्यांवर भुरभुरायचं तिखट जिरावण झोंबतं म्हणून घालणंच सोडलंय. हे झोंबणं ही पहिली खूण. गालाच्या आत बोट फिरवलं तर मऊ अस्तराच्या जागी दोरीसारख्या ताठ पट्ट्या हाताला लागल्या आणि अस्तर गुलाबी नाही, संगमरवरासारखं फिकट. पाऊचमधली सुपारी तो दिवसाला सात-आठ वेळा खायचा. तंबाखू कधीच नाही, असं अभिमानानं सांगत होता.

तोंड असं ताठ होत जाण्याच्या या आजाराची वैद्यकातली पहिली नोंद १९५२ ची आहे, केनियात राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमधली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्याकडच्या रुग्णांवर लिहिलं. याला कारण सुपारी, तंबाखू असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवलं आहे. आपल्या मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारी वेगळी मिळते. आणि आपल्या मराठी घरात तर सुपारीला मानाची जागा. पूजेला सुपारी, पाहुण्याला सुपारी, जेवणानंतर अडकित्ता आणि डबा. पूजेतली सुपारी पूजेत राहू द्या. पण ‘सुगंधी आहे, त्यात काय’ म्हणून पोरांच्या हातावर ठेवू नका. ताठ झालेलं तोंड पूर्वीसारखं मऊ होत नाही. सुपारी सोडली तर पुढचं नुकसान थांबू शकतं आणि व्यायामानं, औषधांनी थोडं सुधारतं. काहींच्या बाबतीत मात्र याचाच पुढे कर्करोग होतो. त्या मुलाचे दात मी साफ केले, पण ते त्याच्या उपचारातलं सगळ्यांत शेवटचं काम होतं.

म्हणून दातांकडे जाण्याआधी मी जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर ओढते, तिच्या दोन्ही कडा बघते, जिभेखाली बघते, टाळू बघते. ओढल्यावर तुम्हाला कसंतरी होतं हे मला माहीत आहे. पांढरा न पुसला जाणारा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला, तर दुखत नसला तरी तपासून घ्यायचा. न दुखणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

दातांकडे वळले की मी सहायक मुलीला आकडे सांगू लागते, “छत्तीस, खड्डा. सोळा, मसाला निघालाय.” परवा एक आजोबा घाबरून म्हणाले, “बत्तीसच असतात ना हो?” बत्तीसच असतात. तोंडाचे चार भाग करतो. वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग समोरच्या मधल्या दातापासून मागे एक ते आठ मोजत जायचं. छत्तीस म्हणजे खालच्या डाव्या भागातली सहावी, आणि हिच्याबद्दल तरुण आयांना मला मुद्दाम सांगायचंय. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्यासाठी दुधाची कुठलीच दाढ पडत नाही, ती सरळ मागच्या रिकाम्या जागेत उगवते. म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. कीड लागली तरी ‘पडेलच की’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, जन्मभराची असते. बाराव्या वर्षी ती काढायची वेळ आलेली मुलं मी पाहिली आहेत.

हिरड्यांचं माप वेगळं. खुणा केलेल्या एका बारीक बोथट सळईनं दात आणि हिरडी यांच्यामधली फट मोजायची, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. मी म्हणत जाते दोन, तीन, दोन. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच, सहा ऐकू आलं की समजा, आत हाड उतरलंय. एक्स-रेवर ते दिसतंच. १८९५ च्या शेवटी एक्स-रेंचा शोध जाहीर झाला आणि दोनच आठवड्यांत, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीतल्या ऑटो वॉल्कहॉफ नावाच्या दंतवैद्यानं स्वतःच्या दाढांचं चित्र घेतलं, पंचवीस मिनिटं निश्चल पडून. आता क्षणाचाही अंश पुरतो. पण एक्स-रे हाती आला म्हणजे तपासणी संपली, असं नाही. लहान कीड त्यात दिसतच नाही. बराच क्षार झिजल्यावर ती सावली उमटते.

हे सगळं कागदावर आलं की मी रुग्णाला घरी पाठवते. कळ असेल तर अर्थात त्या दिवशीच ती थांबवते. बाकीचं ठरवायला मला वेळ हवा असतो, त्यांनाही असावा.

दिवाळीनंतर एक बाई आल्या. वैशाखात मुलीचं लग्न. समोरचा एक दात पडलेला, तिथं पक्का दात बसवून द्या, बाकी काही नको म्हणाल्या. तपासलं तर खालच्या एका दाढेशी पू, हिरड्यांतून रक्त आणि ज्या शेजारच्या दातांवर पूल बांधायचा, म्हणजे ज्यांच्या आधारानं मधला पक्का दात बसवायचा, ते दोन्ही हलणारे, माप सहा-सहा. साखर कधी तपासली नव्हती. तपासली तर चांगलीच वाढलेली. हिरड्यांची सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्या पोखरते. मी त्यांना कागदावर लिहून दिलं. आधी पू, म्हणजे त्या दाढेचं रूट कॅनाल. त्याच वेळी साखरेसाठी फॅमिली डॉक्टर. मग हिरड्यांची खोल सफाई आणि घरी ब्रश कसा करायचा त्याचा सराव. सहा आठवडे थांबून पुन्हा माप. दात घट्ट झाले तरच पूल, नाही तर काढता-घालता येणारा दात. फोटोंसाठी तोवर तात्पुरता दात देईन. प्रत्येक ओळीपुढे खर्च, आणि शेवटी हेही लिहिलं, की काहीच केलं नाही तर काय होईल. तो पर्याय रुग्णाचाच असतो आणि त्याला तो कळायला हवा.

त्यांना पटलं नाही. सफाईनं दात हलायला लागतात, असं त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं होतं. दात हलत असतात तेव्हा दातांवर साचून दगडासारखा झालेला कीटणच त्यांना धरून ठेवतोय असं वाटतं, खरं तर तोच मुळं उघडी करत असतो. खर्चाचीही काळजी होती, ती रास्तच. एवढा खर्च झेपत नसेल तर एम.वाय. हॉस्पिटलजवळ आपलं सरकारी दंत महाविद्यालय आहे, १९६१ पासूनचं. तिथं वेळ लागतो, पण शिकणारी मुलं तक्ता भरून, शिक्षकांना दाखवून एकेक दात तपासतात. तिथं जा, असं मी कुणालाही निःसंकोच सांगते. दुसरं कुणी उद्याच पूल बसवून देतो म्हणालं, तर आधी हिरड्यांचं माप घेतलं का, एवढं विचारा.

त्या बाई आठवडाभरानं परत आल्या. पुढची कामं सांगितलेल्या क्रमानं झाली. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आल्या तेव्हा मी पुन्हा माप घेतलं. सहाच्या ठिकाणी चार, एका ठिकाणी तीन. साखरही उतरली होती. दात बोटानं हलवून पाहिले, घट्ट होते. पुलाचं माप त्या दिवशी घेतलं.

नमस्कार.