उभ्या माणसासाठी नाही

(पाऊस. भातलावणीचं शेत. निवेदन सुरू.)

संगमेश्वराकडचा हा मळा, आषाढातला. एका हातात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची मूठ, दुसरा हात चिखलात. छत्री धरायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून डोकं आणि पाठ एकदम झाकणारं हे इरलं.

ते होतं कसं, ते नीट बघा. बांबू चिरायचा, कामट्या तासायच्या. मोठ्या भोकांची जाळी विणायची. वर डोकं बसेल एवढी निमुळती, खाली पसरट. मग पळसाची पानं. खालून सुरुवात, वरची ओळ खालच्या ओळीवर चढवायची, कौलं लावतात तशी. त्यावर दुसरी जाळी दाबायची नि कडा आवळून बांधायच्या. आजोबांची बोटं बघा, नजर भलतीकडेच आहे. उभं राहिलं की इरलं मागे ओढतं. वाकलं की पाठीवर बरोबर बसतं.

(कामट्या चिरल्याचा आवाज. निवेदन नाही.)

झाडीत मात्र इरलं अडकतं. गुराखी घोंगडीची खोळ घेतो. एक कोपरा आत दुमडला की झाली टोपी. ना शिवण, ना बटण. लोकर भिजून जड होते, पण आतलं अंग बराच वेळ कोरडं राहतं.

पोरं हल्ली घालतात ती हुडीही कामकऱ्यांचीच. १९३० च्या दशकात अमेरिकेत थंड गोदामांतल्या मजुरांच्या अंगावर ती आली. पुढे टोपीआड चेहरा लपलेल्या पोरांची लोकांना भीती वाटते म्हणून २००५ मध्ये इंग्लंडातल्या ब्लूवॉटर मॉलने तिला बंदी केली. २०१२ साली फ्लोरिडात हुडी घातलेल्या १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घातली गेली, आणि लोक हुड्या घालूनच निषेधाला रस्त्यावर उतरले.

इरल्याला कोणी भ्यायलं नाही. पण त्याला मान तरी कुठे होता? छत्री गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची, इरलं त्याची जमीन कसणाऱ्या कुळाचं. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. इरल्याची लाज तेवढी राहिली.

मग पानांच्या जागी प्लास्टिक आलं. पुढे कामट्याही गेल्या, नुसत्या प्लास्टिकच्या कागदाचीच खोळ. आजोबांना आता ऑर्डरी येतात त्या होमस्टेवाल्यांच्या, भिंतीवर टांगायला. पानं भरू नका म्हणतात, किडे होतात.