चाचणीची गाडी कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

माझी धाकटी बहीण चिपळूणला राहते. गेल्या गणपतीत तिच्या घरी नवी गाडी घेण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा तिने एका गाडीची सहा परीक्षणे जमवली आणि माझे मत विचारण्यासाठी ती मला पाठवली. दोन मासिकांतली होती, एक वर्तमानपत्राच्या पुरवणीतले होते आणि तीन व्हिडिओ होते. सगळ्यांनी गाडीला चांगले म्हटले होते. पण ती एकापाठोपाठ एक पाहत गेलो, तसे माझे लक्ष कौतुकावरून भलतीकडेच गेले. सहांपैकी चार ठिकाणी गाडी त्याच लाल रंगाची होती, पाटीवरचा नंबर तोच होता, आणि मागे दिसणारे तळे व त्याच्या काठचे हॉटेलही तेच होते. बहिणीने ज्यांना चार स्वतंत्र मते समजून एकमेकांच्या पुष्टीला धरले होते, ती मते एकाच गाडीत आणि एकाच रस्त्यावर तयार झाली होती.

मोटारींच्या परीक्षणांवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की उत्तर बहुतेक वेळा तयारच असते: “सगळे पैसे घेऊन लिहितात.” मला हे उत्तर अन्यायाचे वाटते, आणि शिवाय निरुपयोगी वाटते. या क्षेत्रात जीव ओतून काम करणारी, गाडीचे यंत्र मनापासून जाणणारी माणसे आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाचा निवाडा आपल्याला घरबसल्या करता येणार नाही. दोन साध्या गोष्टी मात्र आपण नक्की विचारू शकतो. चालवलेली गाडी कोणाची होती, आणि ती किती वेळ हातात होती?

नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी कंपनी पत्रकारांना बोलावते, त्याला ‘मीडिया ड्राइव्ह’ म्हणतात. विमानाचे तिकीट कंपनीचे, हॉटेल कंपनीचे, जेवण कंपनीचे. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी अभियंते गाडीची माहिती देतात, मग काही तासांसाठी गाडीची किल्ली हातात मिळते. रस्ता बहुधा कंपनीनेच आखलेला असतो आणि गाडी कंपनीने नीट तपासून, टायरमधली हवासुद्धा बघून उभी केलेली असते. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट असते, म्हणून सगळ्यांची परीक्षणे एकाच घटकेला आपल्यासमोर येतात. यात कुणी कुणाला लाच देत नाही. पण ज्याला पुढच्या वेळी बोलावणे येणार नाही, त्याचे परीक्षण इतरांच्या नंतर काही आठवड्यांनी येईल आणि तोवर वाचकांनी दुसऱ्याचे वाचलेले असेल, हे प्रत्येकाला ठाऊक असते. नियतकालिकात गाड्यांच्या जाहिराती असतील, तर त्याच कंपनीकडून उत्पन्नही येत असते. त्यामुळे लिहिणाऱ्याची लेखणी खोटे लिहीत नसली, तरी टीकेच्या वाक्यापाशी येऊन ती मऊ होते.

ही मऊ झालेली भाषा वाचायला शिकणे फार उपयोगाचे आहे. ‘शहरातल्या वापरासाठी इंजिनाची ताकद पुरेशी आहे’ असे वाचले, तर घाटात पाच माणसे आणि सामान घेऊन जाताना काय होईल, याचे उत्तर त्या वाक्यातच आहे. ‘सस्पेन्शन काहीसे कडक आहे, पण वेगात गाडी स्थिर राहते’ याचा अर्थ, आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाची कंबर दुखणार. ‘मागची सीट दोघांसाठी उत्तम’ म्हणजे तिसऱ्याने बसू नये. निष्णात परीक्षक काही तासांत जे सांगतो, ते बहुतेक खरे असते. स्टिअरिंग हलके की जड, क्लच पायाला त्रास देतो का, शंभरच्या वेगाला आत किती आवाज येतो, ब्रेक किती भरवशाचे, या बाबतीत मी त्याच्या शब्दावर अवलंबून राहीन, कारण त्याने शेकडो गाड्या चालवलेल्या असतात आणि आपण आयुष्यात तीन-चार.

पण गाडीतल्या काही गोष्टी काही तासांत दिसतच नाहीत. अमेरिकेत १९७१ साली शेवरोले व्हेगा या गाडीला ‘मोटर ट्रेंड’ या मासिकाने वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवले. पुढच्या काही वर्षांत ती गाडी ॲल्युमिनियमचे इंजिन तापण्याबद्दल आणि पत्रा गंजण्याबद्दल इतकी बदनाम झाली की आजही वाईट गाड्यांची चर्चा निघाली की तिचे नाव निघते. परीक्षकांनी खोटे लिहिले होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या हातातली गाडी नवी होती, आणि नव्या गाडीचा गंज कुणाला दिसत नाही.

आपल्या देशातले उदाहरण याहून गंभीर आहे. २०१४ च्या जानेवारीत गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात भरपूर खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या सर्वांत स्वस्त, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना पाच ताऱ्यांपैकी एकही तारा मिळाला नाही. फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो विक्रीतून काढून टाकली, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. या गाड्यांविषयी तोवर आपण वर्षानुवर्षे वाचत होतो. मायलेज, डिकीची जागा, एसीचा गारवा, पुनर्विक्रीची किंमत, सगळे वाचले होते. समोरून धडक बसली तर चालकाच्या छातीचे काय होईल, हे मात्र कुठल्याही परीक्षणातून कळण्याजोगे नव्हते, कारण उधार आणलेली गाडी भिंतीवर आदळवता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. आपल्याकडे अशाच चाचण्यांची ‘भारत एनकॅप’ ही योजना सुरू व्हायला १ ऑक्टोबर २०२३ उजाडावे लागले. माझी कळकळीची विनंती आहे की सुरक्षिततेच्या बाबतीत कुणाच्याही लेखावर किंवा दार लावतानाच्या ‘ठप्प’ अशा आवाजावर विसंबू नका. आपण घेणार आहोत त्याच मॉडेलचा निकाल पाहा, आणि चाचणीतल्या गाडीला जितक्या एअरबॅग होत्या, तितक्या आपल्याला मिळणाऱ्या आवृत्तीत आहेत का, तेही पाहा.

धुराचेही तसेच आहे. डिझेलवर चालणाऱ्या फोक्सवॅगन जेटाला २००९ ची ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ म्हणजे पर्यावरणस्नेही गाडी ठरवले गेले होते. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धूर मोजण्याचे यंत्र गाडीतच बसवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडत असल्याचे दिसले. चाचणीपुरता धूर कमी दाखवण्याची कंपनीची फसवणूक सप्टेंबर २०१५ मध्ये जगापुढे आली आणि तो पुरस्कार काढून घेतला गेला. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने, म्हणजे ज्यांच्या नावाने आपल्या वेताळ टेकडीला अनेक जण ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात त्यांनी, तपासणी केली, आणि त्यानंतर सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या फोक्सवॅगनला परत बोलवाव्या लागल्या. गाडी झकास चालते, असे जे परीक्षणांत लिहिले होते, ते खरेच होते. फसवणूक चालकाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी होती.

मग या पत्रकारितेचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर मी १९९७ च्या स्वीडनकडे बोट दाखवीन. मर्सिडीजने ए-क्लास ही छोटी गाडी नुकतीच आणली होती. ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ नावाच्या स्वीडिश मासिकाची एक जुनी रीत आहे. तिकडच्या रस्त्यांवर मूस हे घोड्याएवढे मोठे हरीण अचानक आडवे येते, म्हणून चालक जसे स्टिअरिंग झटकन एकीकडे व लगेच दुसरीकडे फिरवील, तसे ते प्रत्येक गाडीत फिरवून पाहतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये रॉबर्ट कोलिन या पत्रकाराने ए-क्लासमध्ये तसे केले आणि गाडी उलटली. मोठ्या नावाच्या कंपनीने सुरुवातीला दोष मान्य केला नाही. पण छायाचित्रे सगळीकडे पोहोचली होती. अखेर कंपनीला गाड्या देणे काही काळ थांबवावे लागले, सस्पेन्शन बदलावे लागले, गाडी घसरू लागताच आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी ईएसपी ही यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवावी लागली, आणि विकलेल्या गाड्याही सुधारून द्याव्या लागल्या. एवढ्या छोट्या गाडीत ती यंत्रणा सरसकट मिळणे हे त्या काळी नवीन होते. एका मासिकाने स्वतःची, ठरलेली, प्रत्येक गाडीला सारखी लावलेली चाचणी चुकवली नाही, म्हणून हे घडले. कंपनीने आखून दिलेल्या रस्त्यावर मूस आडवे येत नाही.

अशा ताठपणाची किंमत द्यावी लागते. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे मोटार-समीक्षक डॅन नील यांना २००४ साली टीकालेखनाचे पुलित्झर हे अमेरिकेतले मानाचे पारितोषिक मिळाले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी पॉन्टिॲक जी६ या गाडीवर लिहिताना ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या नेतृत्वावरच बोट ठेवले, आणि कंपनीने त्या वर्तमानपत्रातल्या आपल्या जाहिराती काही महिने बंद केल्या. वर्तमानपत्र मोठे होते, ते टिकले. पाच माणसांच्या जोरावर चालणाऱ्या एखाद्या नियतकालिकाचे काय झाले असते, याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

पुरस्कारांविषयी थोडक्यात सांगतो. जर्मनीतल्या एडीएसी या अवाढव्य मोटार संघटनेने २०१४ मध्ये कबूल केले की ‘जर्मनांची आवडती गाडी’ या पुरस्कारासाठीचे मतांचे आकडे फुगवले गेले होते. विजेत्या फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मते मिळाल्याचे जाहीर झाले होते, प्रत्यक्षात ती ३,४०९ होती. संघटनेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. तेव्हापासून गाडीच्या जाहिरातीत पुरस्कारांची रांग दिसली की मी ती ओलांडून पुढे जातो.

जाहिराती अजिबात न घेणारेही एक घर आहे. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही ना-नफा संस्था १९३६ पासून चालते. ज्या गाड्यांना ती गुण देते, त्या ती आपली ओळख न देता, साध्या गिऱ्हाइकासारखी विक्रेत्याकडून पैसे मोजून विकत घेते, कनेटिकट राज्यातल्या स्वतःच्या चाचणी मैदानावर चालवते, आणि शिवाय दरवर्षी हजारो सभासदांना त्यांच्या गाड्या कुठे बिघडल्या ते विचारते. हा खर्च मुख्यतः वाचकांच्या वर्गणीतून निघतो. आपल्याकडे गाडीसाठी दहा-बारा लाख रुपये मोजणारे कुटुंब तिच्याविषयीच्या माहितीसाठी शंभर रुपयेही मोजायला तयार नसते, आणि माहितीचे पैसे आपण दिले नाहीत की ते दुसरे कुणीतरी देते, ही गोष्ट मला मनापासून खुपते.

कायद्याने थोडी मदत केली आहे. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी नियम स्पष्ट केले. त्यांत पैसे, भेटवस्तू, फुकटचा प्रवास किंवा हॉटेलातला मुक्काम मिळाला असेल, तर तो ठळकपणे सांगितला पाहिजे असे म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. म्हणून व्हिडिओ पाहताना ‘कंपनीच्या निमंत्रणावरून’ हे शब्द शोधा. ज्याने ते स्वच्छ शब्दांत सांगितले, त्याच्यावर मी थोडा अधिक विश्वास ठेवतो.

मायलेजचा आकडा पाहताना एवढे लक्षात ठेवावे की कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाता मिळालेला असतो. ज्या परीक्षकाने टाकी काठोकाठ भरून, गाडी चालवून, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून हिशेब मांडला आहे, त्याचा आकडा घ्यावा. जुन्या मालकांशीही बोलावे, पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीला वाईट म्हणणे माणसाला जड जाते, हे ध्यानात ठेवून. ‘गाडी कशी आहे’ असे न विचारता ‘शेवटच्या सर्व्हिसिंगचे बिल किती आले आणि गाडी किती दिवस गॅरेजात होती’ असे विचारले, की उत्तर सरळ मिळते.

बहिणीला मी हे सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, “दादा, मग मी वाचू तरी काय?” मी म्हटले, वाच सगळेच, पण त्या लाल गाडीच्या चार परीक्षणांचे मत एकच धर. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहाद्दूरशेख नाक्यापासून तीन किलोमीटरच्या पुढे जात नव्हती. शेवटी तिने तेच मॉडेल पुण्याहून दोन दिवसांसाठी भाड्याने आणले, सासू-सासरे, नवरा आणि मुलगा यांना बसवले, एसी लावला आणि कुंभार्ली घाट चढून कराडला जाऊन आली. वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती आणि मागे मधे बसलेल्या मुलाचे गुडघे सगळा वेळ हनुवटीपाशी होते. सहापैकी पाच परीक्षणांत घाटाचा उल्लेखच नव्हता. सहाव्यात होता: ‘पूर्ण भार असताना चढावर इंजिनाला थोडे कष्ट पडतात.’ ते परीक्षण त्या चारांतले नव्हते, गाडी पांढरी होती, आणि लेखकाने ती तीन आठवडे स्वतःकडे ठेवली होती. बहिणीने आता त्याच लेखकाची दुसऱ्या दोन गाड्यांवरची परीक्षणे काढून ठेवली आहेत, आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा घाट चढणार आहे.

नमस्कार.